वेबसाइटवाले

पुण्याच्या पेठांमध्ये माणसाला नाव असलं तरी ते फक्त रेशनकार्डावर लागतं. एरवी तो दूधवाला, पेपरवाला, नाहीतर गिरणीवाला. या मंडळींत गेल्या पंचवीसेक वर्षांत एकाची भर पडली : वेबसाइटवाले. दूधवाल्याला 'अरे' म्हणतात, यांना 'अहो' म्हणतात, एवढाच काय तो संगणकयुगाचा मान. बाकी अपेक्षा त्याच. वेळेवर यावं, पातळ देऊ नये आणि पैशांचं मेलं सारखं काढू नये.

यांची कंपनी अप्पा बळवंत चौकातून पत्र्या मारुतीकडे जाताना एखाद्या जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर सापडते. खाली लग्नपत्रिकांचं दुकान, पहिल्या मजल्यावर इंग्रजी संभाषणाचे वर्ग, आणि वर 'इन्फोटेक', 'सोल्युशन्स', 'टेक्नॉलॉजीज' यांपैकी निदान दोन शब्द असलेली पाटी. पाटी मोठी लागते, कारण ऑफिस वन-रूम-किचन असतं. रूममध्ये चार संगणक, किचनमध्ये मालक. ओट्यावर राउटर, मांडणीत फायली. ग्राहक आला की गॅलरीला कॉन्फरन्स रूम म्हणतात, आणि तो गेला की तिथे पुन्हा टॉवेल वाळत पडतात.

मी तिथे मराठी मजकुराचं शुद्धलेखन तपासायला जात असे. म्हणजे बोलावत मला त्यासाठी. प्रत्यक्षात मजकूर कधी आलेलाच नसे. त्यामुळे चहा पीत मालकांचं निरीक्षण करायला भरपूर वेळ मिळाला.

वेबसाइटवाले जन्मतः वेबसाइटवाले नव्हते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा हे याच खोलीत डीटीपी करत होते. पेजमेकरमध्ये दिवाळी अंक लावायचे, कोरलमध्ये लग्नपत्रिका. त्याआधी चारच वर्षं याच शहरात सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला होता. यांचा एकुलता एक संगणक मात्र रोज रात्री प्लॅस्टिकचं आच्छादन पांघरून झोपे. एके दिवशी पत्रिकेच्या एका ग्राहकाने विचारलं, "हेच इंटरनेटवर टाकता येईल का हो?" यांनी "येईल की" म्हणून टाकलं. कसं येईल, हे त्यांनी संध्याकाळी चौकातून पुस्तक आणून रात्री वाचलं. पुढची सगळी कारकीर्द याच क्रमाने झाली. आधी 'येईल की', मग पुस्तक.

त्या काळच्या साइटवर उजवीकडून डावीकडे पळणारी अक्षरं असत, लुकलुकणारं 'नवीन' असे आणि तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा असे. तो एकपासून सुरू करणं अपशकुनी मानलं जाई. मग फ्लॅशचं राज्य आलं. साइट उघडली की आधी पडदा सरके, शंख वाजे, मग गणपती गिरक्या घेत येऊन मधोमध स्थिरावे आणि त्याच्याखाली लिहिलेलं असे : 'येथे सर्व प्रकारचे पंप मिळतील.' ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला. यांनी सुतक पाळलं नाही एवढंच.

कंपनीत माणसं चार. अभिनव कला महाविद्यालयातून आलेली डिझायनर, बीसीएस झालेला डेव्हलपर, मजकूर भरणारी एक मुलगी आणि एक इंटर्न. सगळे मालकांना 'सर' म्हणतात. सर त्यांना वर्षभर शिकवतात आणि वर्ष भरलं की ते हिंजवडीला जातात. हिंजवडी हे या धंद्यातलं सासर आहे. मुलगा असो की मुलगी, शिकवायचं, सवरायचं आणि एक दिवस कॅबमध्ये बसवून द्यायचं. दिवाळीला ती माहेरी येतात तेव्हा गळ्यात आयकार्ड असतं. सर विचारतात, "कसं काय तिकडे?" उत्तर येतं, "बरंय सर. पण एक बटण निळं करायला तीन मीटिंगा होतात." सरांना भरून येतं. इथे तेच बटण ग्राहकाच्या एका फोनवर निळ्याचं हिरवं, जेवणानंतर केशरी आणि संध्याकाळी बायकोला दाखवल्यावर पुन्हा निळं होत असे.

आता ग्राहक. मी पाहिलेल्यांत नमुनेदार म्हणजे रविवार पेठेतले छत्रीवाले काका. काकांना वेबसाइट नको होती, पण त्यांच्या शेजारच्या दुकानदाराची नको तेवढी चांगली झाली होती. पहिल्याच बैठकीत त्यांनी अटी सांगितल्या. सर्वांत वर '॥ श्री ॥'. त्याखाली दुकान काढणाऱ्या आजोबांचा फोटो, हारासकट. त्याखाली छत्री.

"काका, मोबाइलवर फोन नंबर फार खाली जाईल," डिझायनर म्हणाली.

"मग लोक आजोबांना ओलांडून जातील. दुकानातही तसंच जातात."

'शाखा' या पानावर काय घालायचं, असं विचारल्यावर काकांनी बाणेदारपणे सांगितलं, "आमची कुठेही शाखा नाही." पण पान काढू दिलं नाही. ते पान पाहिजेच आणि त्यावर हेच वाक्य पाहिजे, ठळक.

मजकुराचं मात्र काही केल्या जमेना. "तुम्हीच लिहा हो, तुम्हाला कळतंच," असं म्हणायचं आणि लिहून नेलं की पहिल्या ओळीतली वेलांटी धरून बसायचं, हा या शहराचा स्वभावच. शेवटी नुसता आराखडा दाखवावा म्हणून डिझायनरने रिवाजाप्रमाणे लोरेम इप्सम भरलं. जगभर डिझायनर मंडळी जागा भरायला हेच वापरतात. सिसेरोच्या लॅटिन ग्रंथातल्या वाक्यांची मोडतोड करून बनवलेला तो निरर्थक मजकूर. काकांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"ही कुठली भाषा?"

"लॅटिन आहे काका. याला अर्थ नाही, नुसती जागा भरायला."

"जागाच भरायची तर संस्कृत घाला की. अर्थ नाही कळला तरी पुण्य लागेल."

सरांना हे फार पटलं. तेव्हापासून त्या कंपनीत आराखड्यात रामरक्षा भरतात. एका मंगल कार्यालयाची साइट चुकून तशीच सुरू झाली. 'आमच्या सेवा' या मथळ्याखाली रामरक्षा तीन वर्षं होती. एकाही माणसाने तक्रार केली नाही, आणि कार्यालयाला त्या काळात मुंजी जास्त मिळाल्या.

साइट तयार झाली की तिचा मुहूर्त. पाडवा, अक्षय्य तृतीया किंवा दसरा, सकाळी अमुक वाजून तमुक मिनिटांनी. इथे धर्म आणि तंत्र यांचा झगडा होतो. साइटचं नाव नव्या सर्व्हरकडे वळवलं तरी ती बातमी जगातल्या सगळ्या यंत्रांपर्यंत पोचायला काही तास, कधी एखाददुसरा दिवस जातो. प्रत्येकाकडे जुना पत्ता काही काळ साठवलेला असतो. त्यामुळे पहिल्या वेळी असं झालं, की मुहूर्ताला साइट काकांच्या बंगळुरूच्या मेहुणीला दिसली आणि हारतुरे घेऊन दुकानात उभ्या असलेल्या काकांना दिसेना. तेव्हापासून सर शहाणे झाले. दोन दिवस आधी साइट गुपचूप वळवून ठेवायची, वर 'लवकरच येत आहे' असा पडदा टाकायचा आणि मुहूर्ताला पडदा काढायचा. ग्राहकाने एंटर दाबायचं, इंटर्नने ऑफिसातून पडदा काढायचा आणि घरच्यांनी टाळ्या वाजवायच्या. गौरीचे मुखवटे आपणच बसवतो, तरी गौरी आल्या असंच म्हणतो. तसंच हे.

या धंद्यातला खरा प्रतिस्पर्धी हिंजवडीतली कंपनी नव्हे. खरा प्रतिस्पर्धी भाचा. प्रत्येक ग्राहकाला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक भाचा असतो आणि तो "हे दोन तासांचं काम आहे मामा" असं म्हणालेला असतो. वर्डप्रेस २००३ साली आलं तेव्हा भाच्याच्या हाती काठी आली. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यापासून तलवार आली आहे. दोन तासांची दहा मिनिटं झाली. सर भाच्याला घाबरत नाहीत. ते फक्त विचारतात, "भाचा पुढे शिकायला कुठे जाणार आहे?" कारण भाचा जातो तेव्हा एकटा जात नाही. साइटचं नाव ज्या ईमेलवर नोंदवलेलं असतं, ते ईमेलही त्याच्याबरोबर टेक्सासला जातं.

पैशांची रीत अशी : निम्मे आगाऊ, पाव डिझाइन पसंत पडल्यावर, उरलेले पाव साइट सुरू झाल्यावर. पहिले निम्मे घासाघीस करून येतात. दुसरे पाव 'यात अठरा टक्के जीएसटी कशाला' या चर्चेनंतर येतात. शेवटचे पाव हा श्रद्धेचा विषय आहे. मंगल कार्यालयवाले म्हणतात, लग्नसराई झाली की देतो. क्लासवाले म्हणतात, प्रवेश झाले की देतो. छत्रीवाले काका म्हणाले होते, "पावसाळा झाला की देतो."

एवढ्यावर माणूस जगतो कसा, याचा उलगडा मला एका वहीने केला. किचनमधल्या कपाटात लाल कापडी बांधणीची एक जाड वही आहे. लक्ष्मीपूजनाला चोपड्यांबरोबर तिचीही पूजा होते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की पोथी उघडून ते तुमचे पणजोबा कधी आले होते ते सांगतात. ही तशीच वही. त्यात निम्म्या पेठेचे पासवर्ड आहेत. बहुतेक पासवर्ड म्हणजे नातवाचं नाव आणि पुढे १२३. नातू आता अमेरिकेत एमएस करतो, पासवर्ड अजून बालवाडीत आहे. एका दुकानात भावाभावांच्या वाटण्या झाल्या, त्याचीही नोंद आहे : 'डॉट कॉम' थोरल्याकडे, 'डॉट इन' धाकट्याकडे. ही वाटणी वकिलाने केली नव्हती. सरांनी गॅलरीत बसवून केली होती, दोघांना दोन वेगळ्या वेळी बोलावून.

आणि तिथी. प्रत्येक नावाची दरवर्षीची मुदत. ती चुकली की गरुडपुराण सुरू होतं : आधी सवलतीचे काही दिवस, मग दंड भरून सोडवण्याचे तीस दिवस, मग पाच दिवस नाव अधांतरी लोंबकळतं आणि शेवटी बाजारात कुणाच्याही पोटी जन्म घेतं. म्हणून सर महिनाभर आधी फोन करतात. "काका, तुमची तारीख जवळ आली." पहिल्यांदा ऐकणारा दचकतो.

गेल्या जूनमध्ये मी गेलो तेव्हा सर एका ईमेलला उत्तर लिहीत होते. कुणीतरी विचारलं होतं, छत्रीची काडी बदलून मिळेल का. मी स्क्रीनकडे पाहिलं. वर '॥ श्री ॥', खाली हारातले आजोबा. छत्रीवाले काका जाऊन तीन वर्षं झाली होती. दुकान पाडून तिथे नवी इमारत चढत होती, आणि मुलगा बाणेरहून "ते बंद करून टाका" म्हणाला होता. सरांनी वही उघडली, काकांच्या नावापुढे यंदाचीही मुदत भरल्याची नोंद केली. रक्कम स्वतःच्या खात्यातून. मग त्या अनोळखी माणसाला लिहिलं, की बोहरी आळीत अमुक कोपऱ्यावर जा, तिथे बसवून मिळेल.

"अहो, पण हे का चालू ठेवलंय तुम्ही?" मी विचारलं.

"काम पुरं कुठे झालंय? शेवटचा हप्ता यायचाय." सरांनी वही मिटली. गॅलरीतल्या टॉवेलांवर पावसाचे थेंब वाजायला लागले होते. "काका म्हणाले होते, पावसाळा झाला की देतो. हा आत्ता सुरू होतोय."