तात्या आणि म्यूटचं बटण

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बातम्या ऐकत नाहीत, नुसत्या बघतात. संध्याकाळी सात वाजले की तात्या टीव्ही लावतात आणि लगेच रिमोटवरचं म्यूट दाबतात. "शब्द काय, कोणीही पाठ करून येतो," ते म्हणतात. "थोबाड पाठ करता येत नाही."

तात्या रेल्वेत टीसी होते, 33 वर्षं. निवृत्तीच्या दिवशी काळा कोट उतरवला, नजर मात्र तशीच राहिली. फर्स्ट क्लासच्या डब्यात शिरल्या शिरल्या कोण एकदम खिडकीबाहेरच्या निसर्गाचा भक्त होतो, कोणाला अचानक झोप लागते, कोण "पास घरी राहिला" म्हणताना शर्टाचा खिसा चाचपतो, याचा हिशोब त्यांच्या डोक्यात अजून चालू असतो. फरक इतकाच, की आता डब्याऐवजी टीव्ही आहे आणि आतले सगळेच प्रवासी विनातिकीट आहेत.

"खोटं!" तात्या सोफ्यावरून गरजतात. पडद्यावर कोणी पुढारी ओठ हलवत असतो.

"कशाबद्दल बोलतोय?" मी विचारतो.

"त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

त्यामुळे राज्यात कोण खोटं बोलतंय हे तात्यांना पक्कं ठाऊक असतं, काय बोलतंय हे अजिबात नसतं. एकदा एका गृहस्थाला ते दहा मिनिटं "सराईत आहे, सराईत!" म्हणत होते. तो खताच्या जाहिरातीतला नट निघाला. तात्या डगमगले नाहीत. "म्हणजे तो शेतकरी नव्हताच ना? मग?" दुसऱ्या एका प्रवक्त्याची पापणीसुद्धा लवत नाही, असा निगरगट्ट माणूस जन्मात पाहिला नाही, असं ते सांगत होते. इतक्यात काकूंनी येऊन सेट टॉप बॉक्सला एक चापट मारली आणि प्रवक्ते पुन्हा हलायला लागले.

यातला खरा घोटाळा त्यांच्या पुतण्याने केला. त्याने त्यांना 'लाय टू मी' ही 2009 सालची अमेरिकन मालिका दाखवली. त्यातला टिम रॉथ चेहऱ्यावरची एक सुरकुती बघून गुन्हेगार पकडतो. त्या पात्रामागची प्रेरणा म्हणजे पॉल एकमन हे मानसशास्त्रज्ञ. तात्या नावावरच लुब्ध झाले. "एक-मन! आडनावातच मन आहे, ओळखणार नाही तर काय!" हे एकमन 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात फोटो घेऊन पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात गेले होते. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेल्या लोकांनाही परक्या चेहऱ्यावरचा राग, आनंद, किळस ओळखता येते का, हे त्यांना बघायचं होतं. पुढे 1978 मध्ये सहकारी फ्रीसन यांच्याबरोबर त्यांनी चेहऱ्याच्या हालचालींना चक्क नंबर दिले. ओठांचे कोपरे वर गेले की बारा, गाल उचलून डोळे बारीक झाले की सहा. मनापासूनच्या हसण्यात बहुधा दोन्ही दिसतात.

टीसीला नंबर मिळाले, मग काय विचारता! "बारा आहे. सहा कुठाय?" शपथविधी असो नाहीतर क्रिकेटचा करंडक, तात्यांचा हाच प्रश्न. काकूंनी तेव्हापासून पाहुण्यांसमोर हसणंच सोडलंय. "कोण नंबर मोजून घेणार?"

मोबाईलवरच्या जुन्या क्लिपा ही त्यांची खास मेजवानी. 26 जानेवारी 1998 ला क्लिंटन बोट नाचवत "त्या बाईशी माझे तसले संबंध नव्हते" म्हणतात, ती तर ते प्रत्येक पाहुण्याला दाखवतात. "बोट बघा, बोट!" क्लिंटन यांनी ऑगस्टमध्ये कबुली दिली हे अख्ख्या जगाला माहीत आहे, पण उत्तरपत्रिका हातात धरून पेपर सोडवण्यात तात्यांना कमीपणा वाटत नाही.

मी एकदा धीर करून सांगितलं, "तात्या, 2006 मध्ये बाँड आणि डीपॉलो यांनी शेकडो प्रयोगांचे आकडे एकत्र केले. परीक्षा देणारे होते चोवीस हजारांवर. खरंखोटं ओळखणं सरासरी 54 टक्के बरोबर. नाणं उडवलं तर पन्नास."

"चोपन्न म्हणजे सेकंड क्लास," तात्या म्हणाले. "बी.ए.ला मला अठ्ठेचाळीस होते."

"पण डब्यात तुम्ही शेवटी तिकीट बघत होतात ना? इथे तिकीट कुठाय?"

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुम्ही हे बोलताना मान खाली घातली होतीत."

मी बशीत चहा ओतत होतो.

पण माझी खरी पाळी नंतर आली. सोसायटीला तीन दिवस पाणी नव्हतं. केबलवाल्याचा पोरगा माईक घेऊन आला आणि सगळ्यांनी मला पुढे ढकललं. जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर. घशाला कोरड, कपाळावर घाम. "तीन दिवस पाणी नाही," एवढं मी बोललो. तात्यांनी ते म्यूटवर पाहिलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एका बाईंनी हळूच विचारलं, "तुमच्याकडे येतंय ना पाणी?"

खरं बोलणाराही आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही या भीतीने घामाघूम होतो, आणि बघणारा त्या घामाला गुन्हा समजतो. या चुकीला खुद्द एकमन यांनीच ऑथेल्लोचं नाव दिलंय. तात्यांच्या गुरूचंच वाक्य म्हणून मी हे त्यांना ऐकवलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "बारा आहे," ते म्हणाले, "सहा नाही."

पाणी पुन्हा गेलं तेव्हा माझी साक्ष बाद झालेली होती, म्हणून बोलायला तात्यांनाच उभं केलं. संध्याकाळचे साडेसहा, जिन्याखालचा अंधार, आणि तात्यांच्या डोळ्यांवर काळा गॉगल. मिशीच्या खालपर्यंत मफलर. मे महिना होता.

सातला आम्ही सगळे त्यांच्या हॉलमध्ये जमलो. तात्या पडद्यावर आले, मफलर हलायला लागला, आणि सवयीने कोणीतरी म्यूट दाबलं. दीड मिनिट आम्ही एकटक बघत होतो. काही सापडलं नाही.

पाण्याबद्दल ते काय बोलले, हे इमारतीत अजून कोणालाच माहीत नाही.