आत्याच्या हिरडीत तळ ठोकलेल्यांस

एनएफ-कॅपा-बी घराण्यातल्या पाचही भावंडांनो,

वरती 'सप्रेम नमस्कार' लिहिलेला नाही, तो तुम्हाला मिळणारही नाही. मोडनिंबहून, आत्याच्या ओसरीवर बसून लिहितेय. ती आत झोपली आहे. तिचा डावा जबडा अर्धा काढलाय.

आधी तिची मिश्री सांगते. चुलीवर तवा ठेवून तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची. त्या दिवशी सगळ्या घराला ठसका लागायचा, आम्ही पोरं अंगणात पळायचो. मग ती चुरायची, वस्त्रगाळ करायची, पत्र्याच्या डबीत भरायची. तर्जनीवर चिमूटभर घेऊन दातांवरून फिरवायची आणि उरलेली खालच्या ओठाआड दाबून ठेवायची. दिवसातून चार वेळा, चाळीस वर्षं. डाव्या हिरडीलगत पांढरा चट्टा उठला, तो खरखरीत झाला, मग तिला कालवणाचं तिखट सोसेना. भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. पहिल्या दवाखान्यात 'तोंड आलंय' म्हणून मलम दिलं. त्यात तीन महिने गेले, आणि ते तीन महिने मी विसरणार नाही.

तुमची नावं मी नंतर वाचून काढली. रेल-ए, रेल-बी, सी-रेल, पी-50, पी-52. 1986 साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी अमेरिकेत तुमचा माग काढला. तुम्ही प्रथिनं आहात आणि तुमचं मूळ काम गावच्या जागल्याचं आहे. एरवी पेशीच्या आतच, पण केंद्रकाच्या बाहेर, आयकॅपा-बी नावाच्या कुलपात बंद असता. जंतू शिरला, जखम झाली की कुलूप तुटतं, काही मिनिटांत तुम्ही केंद्रकात जाता आणि हाळी देता. जागा लाल होते, सुजते, पांढऱ्या पेशी धावून येतात. लहानपणी बाभळीचा काटा रुतला तेव्हा माझी टाच तुम्हीच वाचवलीत. तेवढं देणं मी मान्य करते.

तुमच्या हाळीत आणखी एक हुकूम असतो, तुमचंच नवं कुलूप घडवण्याचा. काम झालं की परत आत जायचं, अशी सोय तुमच्यातच आहे. आत्याच्या हिरडीत ती चालली नाही. सकाळी कुलूप घडलं की दुपारच्या चिमटीनं तुटायचं, दुपारी घडलं की संध्याकाळच्या. चाळीस वर्षं तुम्ही जागेच राहिलात. तोंडाच्या कर्करोगात तुम्ही असेच अखंड जागे सापडता.

तंबाखूला मी सोडत नाही. तिच्यातल्या नायट्रोसामाइन्सनी आत्याच्या पेशींचा डीएनए नासवला. पण इतकी नासलेली पेशी स्वतःहून मरते, शरीराचा तसा नियमच आहे. ती मरायला निघाली आणि तुम्ही तिला हात धरून परत बसवलंत. मरण थांबवणारी प्रथिनं तिला पुरवलीत, वाढीचे निरोप दिलेत, गाठीला रक्त मिळावं म्हणून नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणं धाडलंत. माझा राग ह्याचा आहे. चोराला कोंडायला ठेवलेल्या माणसानं त्यालाच जेवू घालावं?

तुमच्यावरचा हा आरोप हवेतला नाही. रुडॉल्फ फिर्खो यांना 1863 सालीच कर्करोगाच्या गाठींत पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या आणि दाहाचा नि गाठीचा संबंध त्यांनी तेव्हाच जोडला होता. 2004 साली मायकेल कॅरिन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमधून तुमचं कुलूप तोडणारं विकर काढून टाकलं. आतड्याची सूज तशीच राहिली, पण गाठी कितीतरी कमी झाल्या, कारण बिघडलेल्या पेशी वेळेवर मेल्या.

मग तुम्हाला कायमचं कोंडायचं का? आत्याचं निदान झालं त्या रात्री मी 'हो' म्हटलं असतं. पण उंदरांच्या कातडीत तुम्हाला दाबून ठेवलं तेव्हा तिथेच कर्करोग उगवला. शिवाय तुम्ही नसाल तर साध्या जंतूनंही माणूस जाईल. तुमच्याशिवाय भागत नाही, म्हणून तर तुमचा एवढा राग येतो.

शेजारच्या बार्शीत 1987 पासून खेड्यापाड्यातल्या कर्करोगाची नोंद ठेवतात. देशातली ती पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. माणसं गावोगाव हिंडून कुणाला, कुठल्या अवयवाचा, कधी झाला हे लिहून घेतात. तिथल्या तोंडाच्या प्रत्येक नोंदीमागे अशी एखादी डबी किंवा पुडी असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, पण मिश्रीची तंबाखू आजही किराणा सामानासोबत पिशवीतून घरी येते आणि बाईमाणसाच्या दाताला लागते. तिला कुणी व्यसनही म्हणत नाही.

आता वहिनीचं. तिनं आषाढात मिश्री सोडली. पहिले पंधरा दिवस डोकं धरून बसायची, जाऊबाईवर खेकसायची. तिच्याही खालच्या हिरडीवर पांढरट ठिपका होता. डॉक्टरांना दाखवला, दर महिन्याला तपासून घेतोय, मधल्या काळात मी टॉर्च लावून बघते. काल ओठ खाली ओढून पाहिलं तर कड पुसट झालीय आणि बोटाला खरखर लागली नाही. तिथं आता कुलूप तोडायला कुणी येत नाही. तुम्ही आत जा.

— तिची भाची आणि हिची नणंद