नाडी आणि बाकीचे लोक

कुर्त्यावर ‘मॅटर्निटी’ असं लेबल लागलं की पोटाआधी किंमत वाढते. कापड तेच कॉटन. बाजूला एक चेन जास्त आणि टॅगवर पोटावर हात ठेवून हसणारी परदेशी बाई.

पूर्वी शिंपी ब्लाउजच्या शिवणीत माया सोडायचा. अंग भरलं की टीप उसवायची, बाळंतपणानंतर पुन्हा घालायची. आताच्या तयार कपड्यांत ओव्हरलॉक अगदी काठाला. उसवलं तर कुर्ताच संपला. परकराची नाडी तेवढी इमानदार उरली. पहिल्या महिन्यापासून नवव्यापर्यंत त्याच किमतीत सैल होते, पण तिला ‘ॲडजस्टेबल वेस्टबँड’ म्हणता येत नसल्याने मॉलमध्ये मान नाही. नवऱ्याचे जुने शर्टही उत्तम. (त्याचं पोट बारमाही, त्यामुळे माप बसतं.)

अडचण ऑफिसची. २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण प्रसूतीआधी त्यातले जास्तीत जास्त ८ घेता येतात. म्हणजे सातव्या महिन्यातही लोकल गाठायची ती ‘फॉर्मल’मध्येच.

डोहाळजेवणाला मात्र सगळी काटकसर माफ. मे महिन्यात जरीची हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात भाड्याचं धनुष्य. घामाने निथळणाऱ्या तिला मावशी विचारते, “सैल वाटतंय ना गं?” ती मानेनेच हो म्हणते, कारण बाण ताणलेला असतो आणि फोटोग्राफर अजून ‘एकच’ मागत असतो.