शेरास सव्वा

परवा जिममध्ये एका पोराने विचारलं, "काका, तुमचा सेट बाकी आहे का?" सेट बाकी नव्हता. पाय थरथरत होते म्हणून रॉडला धरून उभा होतो, एवढंच. रॉडवर ८० किलो होते. गेल्या महिन्यातही ८० होते आणि त्याच्या आधीच्या महिन्यातही. माझ्यासमोर त्या पोराला मिशी फुटली, माझे ८० काही फुटेनात.

आमच्या शेलूत इमारती उगवल्या आणि त्यांच्या तळमजल्याच्या गाळ्यांतून जिमही उगवल्या. आमच्या जिमच्या एका बाजूला किराणा आणि दुसऱ्या बाजूला केकचं दुकान. मधल्या गाळ्यात घाम गाळून बाहेर पडलेलं गिऱ्हाईक कुठे वळतं, हे केकवाल्याला आमच्या ट्रेनरपेक्षा चांगलं ठाऊक आहे.

सुरुवातीचे दिवस काय सांगावेत! नुसता रॉड २० किलोचा. आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट आणि दर खेपेला अडीच किलो वाढवायचे, म्हणजे रॉडच्या दोन्ही टोकांना सव्वा-सव्वाची एकेक प्लेट. आठ आठवड्यांत २० चे ८० झाले. मी गाडीत बसून हिशेब मांडला: आठवड्याला साडेसात, म्हणजे वर्षाला ३९०. पुढच्या वर्षी चारशे आणि त्याच्या पुढच्या वर्षी नेरळच्या टॉय ट्रेनचं इंजिन. बायको म्हणाली, "तोवर गॅसचा सिलिंडर तेवढा आत आणून ठेव."

मग एका सोमवारी साडेब्याऐंशी उठले नाहीत. बुधवारी नाहीत, शुक्रवारीही नाहीत.

खरं तर कर्जत फास्टने रोज घरी येणाऱ्याला हे आधीच कळायला हवं होतं. ही गाडी कल्याणपर्यंत स्टेशनं गाळत सुसाट येते. कल्याण सुटलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी... एकालाही नाराज करत नाही. म्हणून कुणी कल्याणला उतरून दुसरी गाडी धरत नाही. जिममध्ये मात्र सगळे नेमके कल्याणला उतरतात.

पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती ताकद बरीचशी मज्जासंस्थेची असते. स्नायू तेच असतात, त्यांना एकदम कामाला लावायची अक्कल मेंदूला येते. वजन हलकं असतं, अंग दोन दिवसांत सावरतं, म्हणून दर खेपेला अडीच किलो पचतात. वजन जड झालं की तेच सावरायला आठवडा लागतो. 'इंटरमीजिएट' म्हणतात तो एवढाच फरक. आम्हाला ती बढती वाटते. आहे ती मुदतवाढ.

बढती म्हटल्यावर सल्ले आले. ट्रेनर म्हणाला, "सर, आता सहा दिवस या. एक दिवस चेस्ट, एक दिवस बॅक. आणि हा प्रोटीनचा डबा घ्या." डब्याची किंमत बघून छाती तिथल्या तिथे भरून आली. शेजारी म्हणाला, रशियन पद्धत कर. तो स्वतः जिन्याने दुसऱ्या मजल्यावर जात नाही. मी तीन आठवड्यांत तीन प्रोग्राम केले. वजन जिथल्या तिथे, फक्त मोबाइलमधले तक्ते वाढले.

पूर्वी तालमीत ही भानगड नव्हती. वस्ताद एकच. जोर किती, बैठका किती, आखाडा कोण खणणार, खुराक काय, झोपायचं कधी, सगळं तो सांगणार. पठ्ठ्याने "वस्ताद, दुसऱ्या तालमीत वेगळं करतात" म्हटलं, तर त्या दिवशी बैठका दुप्पट. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. सहाव्यावरून तिसऱ्यावर यायला चार वर्षं. आपल्याला चार आठवडे निघत नाहीत.

प्रोग्राम बदलण्याआधी एक पंचनामा मात्र करावा, कारण अडकलाय तो प्रोग्राम की आपण, हे आधी कळलं पाहिजे. माझा झाला तो असा. पहाटेच्या गाडीसाठी साडेचारला उठणं, रात्री साडेअकराला पाठ टेकणं, म्हणजे झोप पाच तास. दुपारी डबा, संध्याकाळी वडापाव, प्रथिनांच्या नावाने पावावर भुरभुरलेली शेंगदाण्याची चटणी. दोन जड सेटांमध्ये तीन मिनिटं थांबायचं, तिथे आम्ही एक मिनिट थांबणार, कारण पहाटेची गाडी स्वप्नातही सुटते. यावर जगातला कुठलाही तक्ता चालणार नाही. आधी झोप आणि ताट सुधारायचं, मग ८० चे ७२ करायचे, म्हणजे दहा टक्के खाली यायचं आणि पुन्हा चढायचं. त्याच जागी दुसऱ्यांदा अडकलो, तरच समजायचं की कल्याण गेलं.

माझं गेलं होतं. मग निवडायचं काय?

एक आहे टेक्सास मेथड. सोमवारी जड वजनाचे पाचाचे पाच सेट, बुधवारी हलकं, शुक्रवारी पाचाचा एकच सेट पण आजवरचा सगळ्यात जड. वाढ आठवड्यातून एकदा. हिशेब चोख, फक्त तो सोमवार अंगावर येतो. ऑफिस करून, वांगणीपर्यंत दारात लोंबकळून आल्यावर पाच पंचे पंचवीस स्क्वॉट मारायचे म्हणजे जिमवाला शटर ओढायला लागतो तरी आपले दोन सेट बाकी. घरापासून जिम दोन मिनिटांवर आणि रात्रीची झोप आठ तास असणाऱ्या तरण्याताठ्या पोरांनी तो जरूर करावा.

दुसरा, २००९ मध्ये आलेला ५/३/१. करणारा अमेरिकन पॉवरलिफ्टर, नाव जिम वेंडलर. नावच जिम, म्हटल्यावर माझा विश्वास बसला. याचा पहिलाच नियम माणसाला जमिनीवर आणतो. तुमचं एका दमात उचललं जाणारं जास्तीत जास्त वजन १०० असेल, तर सगळा हिशेब ९० वर मांडायचा. पहिल्या आठवड्यात त्या ९० चे ६५, ७५ आणि ८५ टक्के, म्हणजे साडेअठ्ठावन्न, साडेसदुसष्ट, साडेशहात्तर. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात टक्के चढत जातात, चौथा आठवडा हलका. मग स्क्वॉट-डेडलिफ्टला पाच किलो, बेंच आणि डोक्यावरच्या प्रेसला अडीच. महिन्याला! आठवड्याला साडेसात खाल्लेल्या तोंडाला हा उपासच.

त्यातही चौथा हलका आठवडा लोकांना पाप वाटतो. त्यांनी जरा कर्जतच्या पुढे बघावं. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा तो चढ गाडीला एका दमात झेपत नव्हता. म्हणून घाटात रिव्हर्सिंग स्टेशन काढलं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उरलेला चढ उलट्या तोंडाने चढायचा. १९२९ पर्यंत असंच चाललं. गोऱ्या साहेबाचं इंजिनसुद्धा घाटात दम खात होतं, आपण कोण? आजही बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. जिममध्ये त्याला स्पॉटर म्हणतात. फरक इतकाच, की बँकर ढकलताना मोबाइल बघत नाही.

तेव्हा कुठला प्रोग्राम भारी, हा प्रश्नच बाद. महिनाभर खरोखर किती दिवस जाता येईल, हे आधी पाहायचं. सहा लिहून तीनदा जाण्यापेक्षा तीन लिहून तीनदा जावं. कधी किती वाढवायचं आणि अडकल्यावर किती उतरायचं, हे त्यात लिहिलेलं असावं. आणि एकदा धरला की तीन महिने सोडायचा नाही, शेजारी काहीही म्हणो.

मी ५/३/१ धरला. बेंचला महिन्याला अडीच वाढवायचे, म्हणजे पुन्हा त्या सव्वाच्या दोन प्लेटा हव्यात. ट्रेनरला विचारलं, तर तो हसला. "सव्वाने काय होतंय सर?"

सांगलीच्या संकेत सरगरला विचार म्हटलं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत, ५५ किलो गटात, त्याने एकूण २४८ किलो उचलले. १३९ च्या प्रयत्नात कोपर दुखावलं, तरी तो पुन्हा रॉडपाशी आला. मलेशियाच्या गड्याचे झाले २४९. सोनं आणि रुपं यांच्यात एक किलो, सव्वाही नाही. आपल्याकडे दक्षिणा सव्वा रुपयाची, शेराला भारी पडतो तो सव्वाशेर. जिममध्ये शिरल्यावरच सव्वाची लाज का वाटते?

प्लेटा शेवटी सापडल्या. मी ८० वर थांबल्यापासून त्यांना कुणी विचारत नव्हतं. एक होती वॉटर कूलरच्या आखूड पायाखाली, दुसरी काउंटरवर पावत्या उडू नयेत म्हणून. कूलरला पुठ्ठ्याची घडी दिली, पावत्यांवर ट्रेनरचा डबा ठेवला. डबा प्रथमच कुणाच्या तरी उपयोगी पडला.

नव्या हिशेबाने पहिल्या दिवशी स्क्वॉटला आले ५५. तोच पोरगा मागे उभा. "काय काका, वजन उतरवलंत?"

"गाडी रिव्हर्सिंग स्टेशनात आहे रे," म्हटलं, "जरा दम धर."