यंत्रांची रसिकता

मेथबॉट या ऑनलाइन जाहिरातींत घोटाळा करणाऱ्या टोळीच्या १,९०० हून अधिक भाडोत्री सर्व्हरांनी २०१४ ते २०१६ या काळात जाहिराती मन लावून ‘पाहिल्या’. हे प्रेक्षक पान खाली सरकवत, व्हिडिओ मध्येच थांबवत, फेसबुकवर लॉगिन असल्याची बतावणीही करत. जाहिरातदारांचे ७० लाख डॉलर गेले. जाहिरातीत इतका रस माणूस घेतो होय, हा संशय तेव्हाच यायला हवा होता. पण आकडा फुगला की दलालाचं कमिशनही फुगतं, मग संशय घ्यायचा कुणी?

कुणी म्हणेल, २०१७ पासून ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ आहे की! आहे ना. साइट या फाइलीत आपल्या जाहिरातींच्या जागेचे अधिकृत विक्रेते जाहीर करते, त्यामुळे बनावट साइटवर नामांकित वृत्तपत्राची खोटी पाटी लावणं अवघड झालं. पण ही यादी दुकानदार तपासते, गिऱ्हाईक नव्हे. गिऱ्हाईक जिवंत आहे का, हे माउसच्या थरथरीवरून ताडतात. आणि हुबेहूब थरथरायला यंत्रही शिकलंय.