तीन डोंगररांगा आणि शुक्राचा उंचवटा

युटाह राज्यात मेरिसव्हेल नावाचं जेमतेम चारेकशे वस्तीचं गाव आहे. सकाळी तिथल्या रस्त्यावर उभं राहिलं तर मोटारींपेक्षा एटीव्हीच जास्त दिसतात. चार फुगीर टायर, मध्ये ऐसपैस सीट आणि पुढे मोटरसायकलचं हँडल असं हे वाहन. लोक त्याच्यावर बसून नाश्त्याला येतात, पेट्रोल भरतात आणि धुरळा उडवत डोंगरात गडप होतात. गाव आहे पायूट ट्रेलवर. जवळजवळ २७५ मैलांची ही वाट पॅव्हंट, टुशर आणि मन्रो या तीन डोंगरांवरून फिरून होती तिथे परत येते. तिला आरंभ नाही, अंत नाही. ज्या गावात तुम्ही ट्रेलरवरून गाडी उतरवाल, तिथे तुमच्यापुरता आरंभ.

सॉल्ट लेक सिटीत राहणाऱ्या भाच्याने आम्हाला इथे आणलं. त्याने आणि आमच्या हिने एक साइड-बाय-साइड घेतली. म्हणजे छप्पर, पट्टे, स्टिअरिंग आणि पायाशी ॲक्सिलरेटर असलेली, जीपच्या कुळातली गाडी. भाचेसुनेने एटीव्ही घेतली. मला दोन्हींतलं काय हवं ते विचारलं. छपराखाली बसून चिवडा खात डोंगर बघायचे असते तर पुणे-महाबळेश्वर एसटी काय वाईट होती? मीही एटीव्हीच मागितली.

माझी उभी हयात स्कूटरवर गेली. गाडी पुढे न्यायची तर उजवी मूठ पिळायची, हे हाताला इतकं अंगवळणी पडलेलं की त्यासाठी डोक्याला तसदी द्यावी लागत नाही. बसलो, मूठ पिळली. मूठ ढिम्म हलेना. जोर लावला, तेव्हा नुसतं रबर किरकिरलं. भाड्याने गाड्या देणारा सहा फुटी दाढीवाला शांतपणे बघत होता. शेवटी भाच्याने येऊन मुठीच्या आतल्या टोकाशी असलेली एक चपटी पट्टी दाखवली.

"मामा, ही अंगठ्याने पुढे दाबायची."

"एवढीशी?"

"एवढीशीच."

तीनेकशे किलोचं धूड, चारही चाकांना ताकद पोचवणारं इंजिन, वर मी, आणि या सगळ्याचा लगाम एका अंगठ्याकडे! पण त्यामागे विचार आहे. मूठ पिळायची असती आणि गाडीने खडकावर उसळी घेतली असती, तर बसणारा मागे फेकला जाणार. पडू नये म्हणून तो मूठ ओढून धरणार. ओढली की ती पिळली जाणार, गाडी आणखी उधळणार आणि तो आणखी मागे जाणार. अंगठ्याच्या पट्टीचं तसं नाही. माणूस मागे गेला की अंगठा सुटतो आणि स्प्रिंग गाडीचा जोर काढून घेते. सुरुवातीला या गाड्यांना तीनच चाकं असत. होंडाने १९७० साली तसली गाडी अमेरिकेत आणली. सुझुकीने १९८२ मध्ये चौथं चाक लावलं. तीनचाकी इतक्या उलटत की १९८८ पासून तिथे नव्या विकणंच थांबलं. चाक वाढलं, अंगठा मात्र तोच राहिला.

बुलियन कॅन्यनच्या वाटेने चढायला लागलो. दोन्ही बाजूंना पिवळी पडू लागलेली ॲस्पेनची झाडं, खाली खळाळता ओढा, जागोजागी सोन्याच्या जुन्या खाणींचे अवशेष. हे मी नंतर हिने काढलेल्या फोटोंत बघितलं. प्रत्यक्षात मला दिसत होता तो माझा उजवा अंगठा. आधी तो नुसता जाणवू लागला, मग त्याच्या बुडाशी गरम वाटायला लागलं, मग तिथे कुणीतरी निखारा ठेवला. हस्तसामुद्रिकवाले ज्याला शुक्राचा उंचवटा म्हणतात, तो हा भाग. लग्नाआधी एका ज्योतिषाने माझा उंचवटा भरदार असल्याचं सांगून सव्वा रुपया जास्त घेतला होता. त्या भरदार उंचवट्याने टुशरच्या पहिल्याच चढावर हात टेकले.

भाचेसून पेशाने हाताची फिजिओथेरपिस्ट आहे. अमेरिकेत खांदा वेगळ्याकडे आणि बोटं वेगळ्याकडे न्यावी लागतात, त्यातली ही बोटांवाली. माझं हात झटकणं आरशात दिसल्यावर तिने गाडी बाजूला घेतली.

"मामा, अंगठा मुठीत घ्या आणि मनगट करंगळीकडे वाकवा. अंगठ्याच्या बाजूला मनगटात कळ येते?"

"आली तर काय?"

"तर डी क्वेर्व्हान. तिथल्या कण्डरांचं आवरण सुजतं. १८९५ मध्ये एका स्विस सर्जनने याचं वर्णन केलं."

मी मोठ्या आशेने मनगट वाकवलं. स्वित्झर्लंडला अजून जाणं झालेलं नाही. निदान तिथलं दुखणं तरी पदरात पडावं. कळ काही आली नाही.

"मग नुसता थकलाय," ती म्हणाली. एवढ्या आगीला एवढंच नाव!

तिचं म्हणणं साधं होतं. स्नायू आवळला, सोडला, पुन्हा आवळला तर त्यातून रक्त खेळतं. अंगठा मात्र स्प्रिंगच्या विरुद्ध एकाच जागी तासभर रेटून धरला की रक्त नीट पोचत नाही आणि जळजळ सुरू होते. त्यात भीती. उतार आला की माणूस हँडल असं धरतो की जणू तेच दरीत पडणार आहे आणि आपण त्याला वाचवतोय. "हँडल पळून जात नाही, मामा. बोटं सैल ठेवा. स्वतःला धरायचं ते गुडघ्यांनी. गाडी दोन्ही गुडघ्यांत घ्या, खडक आले की फूटरेस्टवर थोडे उभे राहा. सपाट, सरळ रस्ता असेल तिथे अंगठ्याला सुट्टी द्या आणि तळहाताच्या बुडाने पट्टी रेटा. खडबडीत जागी पुन्हा अंगठा. आणि दर थोड्या वेळाने थांबायचं."

थांबण्याचा सल्ला मी ताबडतोब अंमलात आणला. वर टुशरच्या बोडक्या माथ्यावर वारा अंगात शिरत होता. समोर डेलानो शिखर, १२,१६९ फूट, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. ही साइड-बाय-साइडमधून उतरली ती हातांना क्रीम लावत. "किती निवांत आहे नाही इथे!" असं म्हणून तिने चिवड्याचा डबा पुढे केला. मी तो डाव्या हाताने घेतला.

तिथे सत्तरीच्या घरातले काही अमेरिकन आजोबा थर्मासमधून कॉफी पीत बसले होते. मी अंगठा चोळताना दिसलो आणि त्यांना विषय मिळाला. गुडघेदुखीवर आपल्याकडे जसा प्रत्येकाकडे एक काढा असतो, तसा इथे प्रत्येकाकडे अंगठ्याचा एक इलाज होता आणि बाकीच्यांचे इलाज कसे निकामी आहेत याची माहितीही. एकाने पट्टीला लांबोडकं जोड-पातं बसवलेलं, तरफ लांब झाली की जोर कमी लागतो म्हणून. दुसऱ्याने पट्टीची नेहमीची स्प्रिंग काढून हलकी घातलेली. तिसऱ्याने अंगठा सोडूनच दिला होता आणि स्कूटरसारखी पिळायची मूठ बसवून घेतली होती. बाकीचे त्याच्याकडे जात सोडलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. चौथा हवेवर होता. त्याने माझ्या टायरवर बूट आपटला आणि विचारलं, "किती भरलीय?" या टायरांत पाच-सहा पौंडच हवा लागते म्हणे, जास्त भरली की प्रत्येक दगडाचा दणका थेट मनगटात. पाच पौंड! आमच्या कोपऱ्यावरच्या पंपवाल्याला 'पाच भर' म्हटलं तर तो गाडी ढकलत घेऊन जायला सांगेल.

पाचवा बोलला नाही. त्याने पाने काढले. मला सीटवर नेहमीसारखं बसायला लावलं आणि माझा हात बघितला. मनगट वर वाकलेलं होतं. गाडी भाड्याची, म्हणून भाच्याने दाढीवाल्याला फोन करून परवानगी घेतली. मग आजोबांनी ब्रेकचा दांडा सैल करून थोडा खाली फिरवला. बोटं, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आले. पट्टीचं घर ज्या स्क्रूंवर आवळलेलं होतं ते ढिले करून तेही जरासं फिरवलं, आणि अंगठा वाकडा न होता सरळ पुढे जाऊ लागला. सगळं मिळून चहा उकळायला लागेल एवढा वेळ. केबलही कोरडी आहे, हे त्यांनी पट्टी दोनदा दाबून कानाने ओळखलं.

इथे मला बोलायला जागा मिळाली. केबलच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा बांधायचा, त्यात तेल ओतायचं, रात्रभर गाडी तशीच ठेवायची. सकाळी थेंब खालच्या टोकाला आलेला असतो. आमच्या स्कूटरवाल्याची ही विद्या मी हातवारे करून सांगितली. आजोबांनी नीट ऐकून घेतली. "रात्रभर?" एवढंच विचारलं. मग खिशातून स्प्रेचा डबा काढला, बारीक नळी केबलच्या तोंडाशी लावली आणि फुस्स केलं. संपलं. यात मजा ती काय?

परतीच्या वाटेवर मात्र मला पहिल्यांदाच हरणं दिसली. मोठाल्या कानांची, वाटेच्या कडेला उभी राहून आमची वरात बघणारी. उताराला बोटं सैल, गुडघे घट्ट. सपाटीला तळहात. अंगठा अधूनमधून वर काढून वाऱ्याला दाखवायचा. गावाच्या उत्तरेला पिवळ्याधमक दगडांची एक टेकडी आहे, बिग रॉक कँडी माउंटन. १९२८ साली त्या नावाचं गाणं गाजलं तेव्हा इथल्या लोकांनी गंमत म्हणून टेकडीखाली तसा फलक लावून टाकला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तिथपर्यंत मी एकदाही हात न झटकता गेलो. भाचेसून मागून ओरडली, "गुडघे, मामा!" आणि मी ते आणखी आवळले.

मेरिसव्हेलला दाढीवाला वाटच बघत होता. त्याने गाडीभोवती फेरी मारून ओरखडे तपासले, पेट्रोल बघितलं, खूश झाला. बाकी सगळे उतरले होते.

"अंगठा कसाय, मामा?" भाच्याने विचारलं.

"झकास. जाणवतसुद्धा नाही."

"मग उतरा ना."

"उतरतो."

"किती वेळ?"

"तुझ्या बायकोला विचार, एकदा आवळलेले गुडघे सोडायचे कसे."

ही चिवड्याचा डबा पिशवीत टाकत म्हणाली, "तू त्या बाजूने धर रे. मी या बाजूने ओढते."