हेकरूवाले साहेब

पावसाळी मासेमारीबंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला उठते. या दोन महिन्यांत कोकणातल्या यांत्रिक होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात, आणि नेमका तेव्हाच ठाण्या-पुण्याच्या सदनिकांमध्ये हेकरू हा मासा गळाला लावायची स्वप्ने पाहणाऱ्या हेकरूवाल्या साहेबांचा हंगाम भरात येतो. समुद्र नाही, होडी नाही, मासा नाही; त्यामुळे रॉड, रील आणि दोरी यांचा मूलगामी विचार निर्वेधपणे करता येतो. साहेब पंचेचाळिशीचे, हिशेबाच्या किंवा संगणकाच्या नोकरीत स्थिरावलेले. त्यांच्या दिवाणखान्यात कोपऱ्यात उभ्या केलेल्या चार काठ्या पाहुण्यांना पडद्यांच्या वाटतात. रीलचा ब्रेक, म्हणजे ड्रॅग, किती किलोच्या ओढीला सुटतो हे ते विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा दाराच्या कडीला अडकवून मोजतात आणि आकडा वहीत टिपून ठेवतात. दिवाळीच्या सुमारास मालवणला किंवा वेंगुर्ल्याला जायचे, होडी ठरवायची आणि चालत्या होडीमागे नकली मासा ओढत नेऊन हेकरू धरायचा, असा बेत असतो. या प्रकाराला ट्रोलिंग म्हणतात. साहेबांच्या घरी शिजणारा हेकरू मात्र बहुधा बाजारातून येतो.

या माणसाची चेष्टा करायची रूढ रीत म्हणजे त्याचा खर्च मोजणे. एवढ्या पैशांत किती हेकरू आले असते, हा हिशेब प्रत्येक मेव्हणा करतो. पण हा आरोप मुळातच लंगडा आहे; त्याच न्यायाने गाण्याच्या क्लासला जाणाऱ्यांनी रेडिओ घ्यायला हवा होता. साहेबांचा दोष खर्चात नाही, अभिरुचीत आहे. त्यांना जे जे आवडते ते बारीक, लांब, हलके आणि चपळ असते. हेकरूला लागते ते आखूड, जाड, ताठ आणि संथ. कारण हा मासा पळून शिकार करत नाही. खडपातल्या कपारीच्या तोंडाशी दबा धरून बसतो, समोरून जाणारे भक्ष्य भलेमोठे तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो आणि वळून थेट घरात शिरतो. एकदा आत गेला की कल्ले नि पर फुगवून असा रुतून बसतो की दोरी तुटते, पण तो हलत नाही. म्हणजे सगळा सामना पहिल्या काही सेकंदांचा. सुरमईचे याच्या अगदी उलट. ती मोकळ्या पाण्यात सुसाट पळते, दोरी घेऊन जाते, दमते, परत येते. रील किरकिर गाऊ लागते आणि साहेबांचे भान हरपते. त्यांची सगळी रसिकता या गाण्यावर पोसलेली आहे. हेकरू लागल्यावर रील गायली, तर ते मात्र मर्तिकाचे भजन समजावे.

रॉडपासूनच पाहू. साहेबांना नऊ फुटी, वेतासारखा लवणारा कार्बनचा रॉड हवा असतो, कारण तो हातात घेतल्यावर माणूस फोटोत चांगला दिसतो. पण रॉड ही तरफ आहे, आणि टेकू आपल्या हातात असल्यामुळे ती माशाच्या बाजूने काम करते. काठी जितकी लांब तितका आपल्या मनगटावर भार अधिक. हेकरूसाठी सहा फुटांच्या आसपासचा, तीस ते पन्नास पौंड दोरीच्या जातीचा, ताठ आणि दिसायला कुरूप असा रॉड लागतो. रीलचे तेच. साहेब बेअरिंगे मोजतात आणि हँडलच्या एका फेऱ्यात रीळ सहा वेळा फिरते म्हणून खूश होतात. पण खडकापासून मासा उपसायला वेग नको, जोर हवा, आणि जोर चारास एकच्या रीलमध्ये असतो. घाट चढताना पहिला गिअर टाकतात तसे. ड्रॅगचा पाठ्यपुस्तकी नियम असा की दोरीच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश ठेवावा. पन्नास पौंडी दोरीला तो सहा ते साडेसात किलो भरतो, आणि हेकरूवाले जाणकार त्याहूनही घट्ट आवळतात. साहेब तीन किलोवर ठेवतात, कारण न जाणो, सुरमई लागली तर?

दोरीच्या बाबतीत मात्र साहेबांची बाजू घ्यावीच लागते. विणलेली ब्रेड दोरी तेवढ्याच ताकदीच्या तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या एकेरी दोरीच्या, निम्म्या जाडीची असते. तिला पाण्याचा अडथळा कमी, म्हणून तिच्या टोकाचा नकली मासा अधिक खोल बुडी मारतो. आणि हेकरू तळ सोडून वर यायला नाखूश असल्यामुळे ती खोली फार मोलाची. शिवाय तंगूस ताणला की रबरासारखा लांबतो. होडीमागे चाळीस मीटर तंगूस सोडला असेल, तर आपल्याला झटका जाणवेपर्यंत माशाला काही मीटरची सवलत आपणच दिलेली असते, आणि त्याचे घर तेवढ्याही अंतरावर नसते. ब्रेड जवळजवळ ताणली जात नाही. ती खडकावर घासली की पटकन कापली जाते हे खरे, म्हणून तिच्या पुढे दोन-तीन मीटर जाड दोरीचा तुकडा, म्हणजे लीडर, बांधायचा. इथे साहेबांचा पाय पुन्हा घसरतो. लीडरसाठी ते महागडे फ्लुरोकार्बन घेतात, आणि ते घासाला टिकते म्हणून घेत नाहीत, तर पाण्यात माशाला दिसत नाही म्हणून घेतात. कोकणच्या गढूळ पाण्यात, जिथे स्वतःचा हात कोपरापुढे दिसत नाही, तिथे अदृश्य दोरीसाठी पैसे मोजणे ही श्रद्धाच म्हणायची. नकली माशांच्या रंगांबद्दल तर बोलायलाच नको. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये आपला पहिला मासा बुचातून कोरला आणि वर चॉकलेटची चांदी गुंडाळली. साहेबांकडे एकाच आकाराच्या माशाच्या अकरा छटा आहेत.

यावर हमखास येणारा आक्षेप मालवणी तांडेलाचा. तो साहेबांच्या काठीकडे पाहून विचारतो, "सायबानू, ह्येना काय सुंगटां धरतलास?" आणि स्वतः लाकडाला गुंडाळलेला जाड तंगूस, शिसे नि बांगड्याचा तुकडा एवढ्यावर हेकरू वर काढतो. मग रॉड-रीलची चर्चा हवी कशाला? पण तांडेलाची गरी हा वरच्या युक्तिवादाचा खंडनमंडनापलीकडचा पुरावा आहे. रॉडची लांबी शून्य, गिअर एकास एक, ड्रॅग म्हणजे तळहात, आणि दोरी इतकी जाड की तुटायचा प्रश्न नाही. आखूड, जाड आणि संथ या तिन्ही कसोट्यांवर त्याच्याइतके चोख सामान कुठल्याही दुकानात मिळत नाही. फरक इतकाच, की तांडेलाला खडप कुठे आहे हे डोंगराचे टोक आणि देवळाचा कळस यांची जुळणी करून ठाऊक असते. तो तिथे नांगर टाकतो. साहेबांकडे पत्ता नाही, म्हणून त्यांना ताशी चार सागरी मैलांनी सगळी आळी फिरावी लागते. चालत्या होडीवर हाताने दोरी धरून ठेवायची तर तळहाताची साल जाते. तेव्हा पत्त्याची उणीव भरून काढायला काठी हवीच. फक्त ती तांडेलाच्या हाताच्या जितकी जवळ जाईल तितकी बरी.

दुसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा: हेकरू सावकाश वाढतो, त्याच्या बऱ्याच जाती मादी म्हणून वयात येतात आणि पुढे नर होतात, मग मोठे मासे काढले तर नर कुठून यायचे? आक्षेप रास्त आहे, आणि मालवणच्या किनाऱ्याला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथले नियम आधी विचारून घ्यायलाच हवेत. पण साहेबांविरुद्ध हा मुद्दा टिकत नाही. तीन किलोचा ड्रॅग, नऊ फुटी काठी आणि अकरा रंग घेऊन निघालेल्या माणसाइतका निरुपद्रवी मच्छीमार पश्चिम किनाऱ्यावर दुसरा नसेल.

हे सगळे साहेबांना सांगितले तर ते वाद घालत नाहीत. उलट वहीत उतरवून घेतात, दोन ओळी अधोरेखित करतात, आणि आठवड्याभरात सहा फुटी ताठ रॉड नि चारास एकची रील घरी येते. मग ते विचारतात, की हीच रील त्या नऊ फुटी काठीवर बसेल का.